हिरवा नवरदेव

"माझा चेहरा परत द्या."

मे महिन्यातली दुपार होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओत कूलर घरघरत होता आणि मी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर त्याच्या टकलावर केस चढवत होते. अशा वेळी कुणी येऊन चेहरा मागेल, अशी अपेक्षा नसते. मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच, सावळा, घामाघूम झालेला तरुण उभा होता. कान जरा मोठेच. डाव्या भुवईत छोटीशी खाच. आणि डोळे... डोळे रागात होते.

"पावती?" मी विचारलं.

"चेहऱ्याची पावती असते का?" त्यानं एक फोटो काउंटरवर आपटला. "हा इथंच बनला. माझी मावशी बनवून घेऊन गेली होती. आता तुम्हीच सांगा, हा कोण आहे?"

फोटो मी लगेच ओळखला. काम माझंच होतं. गाल गुलाबी केलेले, कान आत दाबलेले, भुवईची खाच बुजवलेली. फोटोतला मुलगा मैद्याचा केल्यासारखा दिसत होता.

"तुम्हीच आहात," मी म्हटलं, पण आवाजात दम नव्हता.

"मी? मुलगी पाहायले नागपूरले गेलो होतो. तिच्या आजीनं दार उघडलं. मले पाहून म्हणते, ये बाबू, गाडी चालवून दमला असशील, पाणी पी. नवरदेव मागून येऊन राहिले का?"

मी हसू दाबलं. म्हणजे दाबायला गेले, पण ते नाकातून निसटलंच.

"हसा, हसा," तो म्हणाला. पण त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, तो मी पाहिला.

आता माझी बाजूही ऐका. रायपूर राजधानी झाल्यापासून शहरात जो तो फोटो काढून घ्यायला लागला होता, आणि पुढाऱ्यापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांचं मागणं एकच — दीदी, थोडा गोरा कर दो. आमचे मालक दयाराम भैया कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नं फिरायचे आणि कॉम्प्युटर माझ्या गळ्यात. तीन वर्षांत मी अर्धं शहर उजळून टाकलं होतं. तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच.

"मग आता काय करू? मूळचा फोटो काढून देऊ?"

"नाही." तो स्टूल ओढून बसला. "आता असा बदला, का आंधळ्यालेही कळलं पाहिजे बदलला म्हणून. एकच चेहरा चार वेळा, चार रंगांत करतात ना, पॉप आर्टमध्ये? तसं. मले हिरवा करा. बायोडाटाले तोच फोटो लावतो."

"हिरवा नवरदेव?"

"खोटं बोलायचंच तर तोंडावर बोलावं. अन् जी पोट्टी हा फोटो पाहून हसेल, तिलेच भेटीन. बाकीच्यांचा वेळ वाचला."

त्याचं नाव निरंजन. नवीन राजधानीच्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कामाला, गाव यवतमाळ, मुक्काम तेलीबांध्याला मावशीकडे. एवढं सगळं त्यानं आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण लक्षात बरोबर राहिलं.

मी तो जुनाच फोटो कॉम्प्युटरवर उघडला. पॉप आर्टची पहिली पायरी म्हणजे रंग काढून टाकायचे आणि चेहरा फक्त काळ्या-पांढऱ्यात आणायचा. फोटोशॉपमध्ये त्यासाठी एक खुंटी सरकवायची असते. मी ती सरकवली आणि चेहराच गायब झाला! पडद्यावर नुसते दोन डोळे आणि मिशी.

"नाक कुठं गेलं?" निरंजन दचकला. "परत आणा. आईनं दिलं आहे."

"हा फोटो चालणार नाही," मी कबूल केलं. "मी सगळ्या सावल्या पुसून टाकल्यात. सावली असली तरच चेहरा उमटतो."

मग त्याला आतल्या खोलीत बसवलं. एकाच बाजूनं दिवा लावला. दयाराम भैया लग्नाला गेलेले, म्हणून कॅमेराही मीच धरला. कॅमेऱ्यातून माणसाकडे कितीही वेळ पाहिलं तरी कुणी काही म्हणत नाही, हा या धंद्यातला मोठा फायदा.

"हलू नका."

"तुम्ही अशा पाहून राहिल्या तर हलीनच ना..."

माझे कान भाजल्यासारखे झाले. दिवा फार जवळ होता, असं मी मनाला सांगितलं.

खरं तर हे काम तासाभराचं. मला चार दिवस लागले. का लागले, ते विचारू नका. ऑफिस सुटलं की निरंजन यायचा, येताना समोसे आणायचा आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून सूचना करायचा. खुंटी थोडी डावीकडे — नाक आलं. थोडी उजवीकडे — हनुवटी गेली. शेवटी नाक, हनुवटी, भुवईतली खाच, सगळं जागच्या जागी उमटलं. मग खाली रंग भरले. एका चौकोनात तो लाल, दुसऱ्यात पिवळा, तिसऱ्यात हिरवा, चौथ्यात निळा. गालांवर ठिपके. कान चारही ठिकाणी पूर्ण, बाहेर आलेले.

"कान कमी करू?" मी चिडवलं.

"चार जोड्या आहेत. एखादी तुम्ही ठेवून घ्या."

तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "सगळे मला दीदी म्हणतात. तुम्ही का नाही म्हणत?"

तो समोशाचा कोपरा मोडत राहिला. "दीदी मले घरी आहे," तो म्हणाला. "पुन्हा कायले पाहिजे?"

चौथ्या दिवशी फोटो छापून निघाला. आम्ही दोघांनी तो टेबलावर ठेवून पाहिला, आणि मला जे हसू फुटलं, ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. निरंजन मात्र फोटोकडे पाहतच नव्हता. माझ्याकडे पाहत होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं... आणि तेवढ्यात एक बाई पाच पासपोर्ट फोटो मागायला आत आल्या. तो फोटो उचलून निघून गेला. माझं नाव त्यानं विचारलंच नाही, हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

आता विनोदिनी काकूंची ओळख करून द्यायला हवी. रायपुरातल्या मराठी घरांतली निम्मी लग्नं त्यांच्या प्लास्टिकच्या एका फाइलमधून जुळतात. त्यांची फाइल आज एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तर उद्या दुसऱ्यात. त्या फाइलमध्ये माझाही फोटो होता, आणि तो मीच केला होता. म्हणजे बाबांनी करवला होता. बाबा, मारोतीराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि तासभर एकच वाक्य म्हणत राहिले, "थोडं अजून उजळ." शेवटी पडद्यावर एक कुणीतरी गोरी मुलगी आली. बाबा खूश झाले. मी गप्प बसले, कारण गोरं करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हे मी तीन वर्षं शिकले होते.

रविवारी काकू आमच्या घरी आल्या, चहा प्यायल्या आणि फाइलमधून एक फोटो काढून बाबांच्या हातात दिला. चारही चौकोन लांबूनच ओळखू आले. मी दाराची चौकट धरली.

बाबांनी चष्मा चढवला. उतरवला. पुन्हा चढवला.

"चार पोट्टे आहेत का हे?"

"एकच आहे हो. चार वेळा."

"मंग हिरवा काहून आहे? अन् या पिवळ्यात तर कावीळ साफ दिसून राहिली!" बाबांनी फोटो लांब धरला. "लाल, पिवळा, हिरवा. विनोदिनीबाई, हा नवरदेव आहे का सिग्नल?"

मी पदर तोंडात कोंबला. तरी हसू फुटलंच.

"बाबा, भेटायला काय हरकत आहे?" मी कसंबसं म्हटलं.

विनोदिनी काकूंनी बशी खाली ठेवली. "त्याचा काही उपयोग नाही ग पूर्णिमा. मी आधी त्याच्याकडे तुझा फोटो नेला होता. तो नाही म्हणाला. त्याच्या मावशीनं दिलेला हा फोटो नुसता दाखवायला आणला, किती नमुने भेटतात ते."

हसू तिथंच थांबलं. बाबा मात्र ताडकन उठले. "माझ्या पोरीले नाही म्हणते? हा हिरवा?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतके दिवस आलेली स्थळं नाही म्हणाली तेव्हा मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. हा नाही म्हणाला आणि लागलं. फार लागलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेल्यावर मी माझा तो फोटो उघडला आणि ती काळ्या-पांढऱ्याची खुंटी सरकवली. पांढरा कागद. दोन डोळे आणि एक टिकली. बाकी मी कुठेच नव्हते.

त्याच संध्याकाळी निरंजन आला. समोसे नव्हते. त्यानं खिशातून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला, आणि तो माझाच होता.

"ही पोट्टी इथलीच दिसून राहिली. तोच निळा पडदा. ओळखता का तुम्ही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो फोटोकडे पाहत होता. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. त्याच्या डोक्यात काही म्हणता काही पेटलं नाही!

"ओळखते," मी म्हटलं. "बरीच."

"कशी आहे?"

"मूर्ख आहे."

"तसंच वाटलं. मी नाही सांगून दिलं काकूले. पण मंग वाईट वाटलं. माझाही असाच फोटो झाला होता ना. म्हटलं, मूळचा फोटो पाहून घ्यावा, अन् मंगच... म्हणजे तसं मी नाहीच म्हणणार आहे. कारण..." तो अडखळला. "कारण वेगळं आहे. पण त्या बिचारीले असं ट्यूबलाइट करून ठेवलं, तिनं कसं करू दिलं?"

"कसं करू दिलं?" माझा पाराच चढला. "शेजारी बाप बसलेला असतो, निरंजन! थोडं अजून, थोडं अजून म्हणत! तो वाईट नसतो. त्याला भीती वाटते की सावळी मुलगी घरातच राहील. त्याला कोण सांगणार? बसा. दाखवते तुम्हाला मूळचा फोटो."

मी फाइल उघडली. फोटोशॉपमध्ये प्रत्येक बदलाचा एक वेगळा थर असतो, आणि थराशेजारी एक छोटा डोळा. डोळा मिटला की तो थर नाहीसा होतो. मूळचा फोटो तळाशी तसाच असतो.

पहिला डोळा मिटला. गालांवरचा गुलाबी रंग गेला.

दुसरा. नाक पुन्हा माझ्या बाबांसारखं झालं.

तिसरा. हनुवटीवरचा तीळ परत आला. निरंजन पुढे झुकला. त्यानं पडद्यावरच्या तिळाकडे पाहिलं, आणि मग फार हळू मान वळवून माझ्या हनुवटीकडे पाहिलं.

"थांबा..." तो म्हणाला.

चौथा डोळा मी मिटला. उजेड गेला आणि मी आले. सावळी, तेलकट कपाळाची, फोटो काढताना बाबांवर चिडलेली.

मग निरंजननं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"म्हणजे मी... तुम्हाले... नाही म्हणून आलो?"

"हो."

"तुमच्यासाठीच?"

"म्हणजे?"

"अहो, मी काकूले म्हटलं, मले कोणतीच मुलगी दाखवू नका, फोटो पाहून हसणारी मले भेटली! त्या दिवशी इथं तुम्ही हसल्या ना — बस, तेव्हाच झालं माझं. आता फक्त नाव विचाराचं राहिलं होतं..." त्यानं फोटो उलटा करून मागे चिकटवलेला बायोडाटा वाचला. "पूर्णिमा. अरे देवा. हातात घेऊन फिरून राहिलो चार दिवसांपासून!"

मी रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं. इतकंच कळत होतं, की हा माणूस मला हवा आहे, कानांसकट.

"तुम्ही काही सांगसान का नाही?" त्यानं घाबरत विचारलं.

"मी तर तुमचा फोटो पाहून दोनदा हसले," मी म्हटलं. "एकदा इथे, एकदा घरी. पण बाबांचं काय? ते म्हणतात, तुम्हाला कावीळ आहे."

रविवारी तो घरी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबांनी पाणी दिलं नाही की बसा म्हटलं नाही. हाताला धरून त्याला खिडकीत उजेडात नेलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"पिवळा नाही," ते नाराजीनं म्हणाले. "हिरवाही नाही. मंग फोटोत काहून तसे?"

"तुमच्या मुलीनं केलं."

"अन् माझ्या पोरीले नाही काहून म्हटलं?"

"तिले नाही म्हटलं काकाजी. फोटोतल्या पोरीले म्हटलं. तिले मी ओळखत नाही." निरंजन घाबरला होता, पण थांबला नाही. "ते... ते तुम्ही केलं."

मी आतल्या दारात श्वास धरून उभी. बाबांनी त्याचा हात सोडला आणि ते खिडकीकडे वळले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "पूर्णिमा, चहा टाक. साखर नीट टाक, जावई..." आणि खोकले.

साखरपुड्याचा फोटो दयाराम भैयांनी काढला. दुसऱ्या दिवशी मी तो कॉम्प्युटरवर उघडून बसले, तर बाबा खुर्ची ओढून शेजारी. जुनी सवय. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि कितीतरी वेळ मला पाहत राहिले. तिथल्या मला, आणि इथल्या मला.

"थोडं अजून..." ते म्हणाले.

माझा हात माउसवर थांबला. "काय बाबा? उजळ?"

"नाही ग." त्यांनी बोट निरंजनवर ठेवलं. "या पोट्ट्याले थोडं अजून बाजूले सरकव. तुझी सावली त्याच्याखाली दबून राहिली."