सगळ्याला ‘हो’

बसा नीट. दार ओढून घ्या आणि ते मोबाइल उलटे ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेली आहे. आणि आधीच सांगतो, भीती कमी वाटेल, किळस जास्त येईल. मला अजून येते.

मेहुणा एका इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळतो. डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. रात्री सव्वादहाला त्याला फोन आला, मशीन अडकलंय, डिस्कवर जागाच उरली नाही. काम तसं किरकोळ. एखादं काम आपोआप चालावं म्हणून ही मंडळी कॉम्प्युटरला चार ओळींच्या सूचना लिहून ठेवतात, त्यांना म्हणायचं स्क्रिप्ट. काम झालं की ती पुसायची. पण पुसतं कोण? खरकटं ताट तसंच ठेवून उठणारे लोक हे! म्हणून मेहुण्याने एक सफाईचा प्रोग्रॅम ठेवला होता. नावात ‘टेंप’, म्हणजे तात्पुरतं, असलेली फाइल दिसली की तो विचारायचा, पुसू का?

त्या दिवशी त्याचं मन मुळीच थाऱ्यावर नव्हतं. त्याला लहानाचं मोठं केलेली मावशी आदल्याच दिवशी त्याच इस्पितळात वारली होती. तळघरातल्या शवागारात, तीन नंबरच्या कप्प्यात तिला ठेवलं होतं. तिची मुलगी परदेशातून सकाळी पोचणार होती. आईचा चेहरा एकदा बघू दे, एवढंच ती फोनवर सारखं म्हणत होती.

मेहुण्याने सफाई सुरू केली. पुसू का? हो. पुसू का? हो. बहुतेक सगळ्या फायली हंगामीच्या. हंगामी म्हणजे त्याचा जोडीदार. वर्षानुवर्षं हंगामी नोकरीतच राहिला, म्हणून नाव तेच पडलं. अंगाला आंबूस वास, आणि जेवताना चाटलेल्या बोटांनीच कीबोर्ड बडवायचा. शेजारी कुणी बसायचं नाही. एकटी मावशी तेवढी मेहुण्याबरोबर त्याचाही डबा पाठवायची. गेल्या उन्हाळ्यात तो खोलीत मरून पडला, तेही वास सुटल्यावर कळलं.

रडून सुजलेले डोळे, झोप नाही, फायली काही संपेनात. मेहुणा वैतागला आणि त्याने ‘सगळ्याला हो’ दाबलं.

आता या कॉम्प्युटरवाल्यांची एक खोड असते. तात्पुरतं म्हणून काहीतरी लिहायचं, ‘टेंप’ नाव ठोकून द्यायचं, आणि मग त्यावरच सगळा कारभार चालवायचा. शवागाराचं गारव्याचं यंत्र ठरल्या वेळी चालू-बंद करणारी स्क्रिप्ट हंगामीने अशीच लिहिली होती. नाव, ‘टेंप दोन’. तीही पुसली गेली. यंत्र न थांबता चालत राहिलं आणि त्याची मोटर जळाली.

खाली शवागाराचा रखवालदार गाढ झोपला होता. पहाटे तीनला त्याला जाग आली ती वासाने. त्याने फोन केला. मेहुणा जिना उतरून धावला. दारातच वास आला. गोड... कुजका. जिभेवर बसणारा. खालच्या फटीतून काहीतरी पाझरत होतं. त्याचा बूट त्यात चिकटला.

तो भिंतीशी ओकला. आणि वर पळाला.

पडद्यावर सगळ्या कप्प्यांचं तापमान दिसतं. पहिला, सोळा. दुसरा, सतरा. सगळे चढत होते. तिसरा... चार.

त्याखाली लिहिलेलं, ‘टेंप दोन’, चालू आहे. चालवणारा, हंगामी.

त्याने फाइल शोधली. नव्हती. परत शोधली. नव्हती...

चाराचे तीन झाले.

बोटांना कीबोर्ड ओला लागला. त्याने हात विजारीला पुसले. खाली जाऊन कप्पा उघडावा... नाही. त्याच्याच्याने उठवलं नाही. उजाडेपर्यंत तो आकड्याकडे बघत बसला.

सकाळी वायरमन म्हणाला, मोटर मध्यरात्रीच्या आधीच गेलीय. बाकीच्या कप्प्यांचं सांगत नाही, तुम्हाला जेवण जायचं नाही. नातेवाइकांना इस्पितळाच्या साहेबांनी सांगितलं, वीज गेली होती. त्या साहेबांचीही मला शिसारी येते आणि गप्प बसलेल्या माझ्या मेहुण्याचीही. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

मुलगी आली. तीन नंबरचा कप्पा ओढला. मावशी जशीच्या तशी. स्वच्छ, शांत. पोरीने आईचा चेहरा ओंजळीत धरला, पोटभर रडली. मग चादर सारखी करायला गेली... आणि थांबली.

“दादा,” ती म्हणाली, “आईजवळ कोण झोपलं होतं?”

मेहुण्याने वाकून पाहिलं.

मावशीच्या कुशीला, खालच्या पातळ गादीवर, एक खळगा पडला होता. माणसाच्या लांबीचा. बुळबुळीत... आणि बर्फासारखा गार.