अक्काच्या डब्याचं टोपडं

विहंग, तो मोबाइल खाली ठेव, मग सांगतो. आणि हसायचं नाही. ही भाकडकथा नव्हे. श्रीपाद धारच्या ऑफिसात अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता.

साल दोन हजार आठ. डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. आदल्या दिवशी आईचं तेरावं उरकलं आणि एका साध्या कामासाठी श्रीपाद देवासला थांबला. मित्राच्या, योगेंद्रच्या गच्चीवरचा वायरलेसचा डबा काढून आणायचा, एवढंच.

डबा कसला, ते ऐक. श्रीपादच्या आईला सगळे अक्का म्हणत. ती टेकडीच्या मागच्या अंगाला एकटी राहायची. मध्ये टेकडी आडवी, म्हणून मोबाइलला रेंज नाही. लँडलाइन रस्ता खोदणाऱ्यांनी कापलेली. अक्काचं काळीज नाजूक, पण देवास सोडायला ती तयार नव्हती. मग श्रीपादनं आळीतल्या पाच घरांवर पाच डबे बसवले. चौकातल्या घरी ब्रॉडबँड होतं. तिथून एका डब्यानं दुसऱ्याला नेट द्यायचं, सणाचं ताट घरोघर पोचवावं तसं. मधला एखादा बंद पडला तर नेट दुसऱ्या घरावरून वाट काढायचं. अक्काच्या कॉम्प्युटरवर एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की धारला श्रीपादकडे घंटी वाजायची.

फक्त अक्काच्या घराला एकच डबा दिसायचा, योगेंद्रचा. त्याची वायर योगेंद्रच्या झोपायच्या खोलीतल्या बोर्डात होती. श्रीपाद पाठीमागच्या घरावर आणखी एक लावायला निघाला, तेव्हा योगेंद्रला लागलं. बालमित्र तो, अक्काच्या ताटात जेवून वाढलेला. "भिया, माझ्यावर भरोसा नाही का रे? मेरा डब्बा कभी बंद नहीं होगा!"

आता यावर दुसरा डबा लावणं म्हणजे मित्राच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. श्रीपादनं नाही लावला. इंजिनियर माणूस, पण आपल्यात भीड विद्येहून मोठी. अक्कानं मात्र आपल्या डब्याला जुन्या लुगड्याचं टोपडं शिवलं. निळं, लाल काठाचं. म्हणायची, "गच्चीवर थंडी वाजेल हो त्याला."

रोज रात्री नऊला मायलेक बोलायचे. एकदाही चुकलं नाही.

अठ्ठावीस नोव्हेंबरच्या सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या. अक्का कॉम्प्युटरसमोर खुर्चीत होती, बोट हिरव्या बटणावर. धारला श्रीपाद दोन वाजेपर्यंत जागा होता. घंटी वाजलीच नव्हती.

योगेंद्र गळ्यात पडून रडला. "रात्री लाइट गेली होती रे..." त्यानं खांदा दिला. अस्थी घेऊन निसरपूरला नर्मदेवरही तोच सोबत आला. अस्थींबरोबर श्रीपादनं ते टोपडं धारेत सोडलं, योगेंद्रच्या डोळ्यांदेखत.

तर त्या गुरुवारी रात्री सव्वादहाला श्रीपाद योगेंद्रच्या गच्चीवर चढला. अक्काचा डबा त्यानं सकाळीच उतरवला होता. तो पायाशी पिशवीत होता. लॅपटॉप उघडून त्यानं जाळं शेवटचं पाहिलं. चालू डब्यांची यादी आली, चार नावं, सगळं ठीक. पेचकस लावणार, तेवढ्यात योगेंद्रच्या डब्याचे दिवे विझले.

आळीत मात्र सगळीकडे लाइट होती.

"वहिनी, लाइट गेली का?" त्यानं खाली हाक दिली.

योगेंद्रची बायको शिवानी म्हणाली, "नाही भैया. हे तर रोज याच टायमाला डब्याचा प्लग काढतात. मच्छरची मशीन लावायला. रूममध्ये एकच बोर्ड आहे ना."

रोज.

श्रीपाद होता तिथंच खाली बसला. म्हणजे त्या रात्रीही लाइट गेलीच नव्हती. नऊचं बोलणं कधी चुकलं नाही, म्हणून सव्वादहानंतर डबा बंद असतो हे त्याला कधी कळलंच नाही. नुसतं सांगितलं असतंस तर दहा बोर्ड आणून दिले असते रे, योग्या. मच्छरांसाठी... आणि तिकडे आई बटण दाबत राहिली. केसानं गळा कापला या माणसानं, आणि वर खांदाही दिला. श्रीपादला रडूही येईना.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. यादीतून योगेंद्रचं नाव गेलं. तीन नावं उरली.

मग चार झाली.

अक्का.

त्यानं पिशवीत हात घातला. डबा थंडगार. वायर गुंडाळलेली.

यादीत नावापुढे सिग्नलचा आकडा असतो. डबा जितका जवळ, तितका आकडा मोठा. अक्काच्या घरापासून इथवर नेहमी वीस यायचा.

वीस.

तेहतीस...

श्रीपादनं कठड्यावरून गल्लीत पाहिलं. कुणी नाही. कुत्रीसुद्धा गप्प.

अठ्ठावन्न.

"आई...?"

खाली दाराची कडी वाजली. एकदाच.

शहाण्णव.

आकडा थांबला. गच्चीवर आला नाही. बरोबर त्याच्या पायाखाली थांबला... योगेंद्रच्या खोलीत.

आणि योगेंद्र ओरडला. त्याच क्षणी गच्चीवरच्या डब्याचे दिवे लागले.

श्रीपाद धावत खाली आला. योगेंद्र भिंतीला चिकटून उभा, हात बोर्डाकडे. "मी नाही लावला... भिया, कसम से... मी नाही..."

मच्छरची मशीन जमिनीवर काढून ठेवलेली. डब्याचा प्लग बोर्डात, घट्ट बसवलेला. त्यावर टोपडं घातलेलं. निळं, लाल काठाचं.

श्रीपादनं ते काढून घेतलं. ओलं होतं. झटकलं, तर फरशीवर नदीची वाळू पडली.