सालींपुरती संत्री

"थांबा... ते तिखट आहे का?"

आवाज भिंतीवरून आला. मी गाजरांच्या वाफ्यापुढे उकिडवी बसले होते. हातात लाल तिखटाचा डबा, केस विस्कटलेले, अंगात आत्याचा जुना गाऊन. रविवारची सकाळ होती. अशा अवतारात कोणी मला बघेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"हो. मग?" मी म्हटलं.

"नका टाकू. मांजरं पायांनी उकरतात, मग तेच पाय चाटतात, त्याच पायांनी तोंड पुसतात. सगळं डोळ्यांत जातं. फार हाल होतात हो त्यांचे."

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. "डोळे चोळू नका" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणते. आणि सुट्टीच्या दिवशी मीच मुक्या जिवांच्या डोळ्यांत तिखट घालायला निघाले होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझा स्वभाव असा, की मी आधी भांडते आणि मग लाजते.

"मग तुमची मांजरं तुम्ही सांभाळा ना! तीनदा बी पेरलं मी, तीनदा उकरलं त्यांनी. माझी बाग म्हणजे काय सार्वजनिक संडास आहे?"

"माझी नाहीत ती. म्हणजे... जेवतात माझ्याकडे, झोपतात माझ्या भुशात. पण 'माझी' म्हटलं तर त्यांना राग येईल."

असं म्हणून तो हसला. आमच्या मागचं गोदाम भाड्याने घेऊन जुनं फर्निचर दुरुस्त करणारा सुतार, तो हाच. तीन महिने मी त्याची करवत ऐकत होते, माणूस आज दिसला. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल, हनुवटीला सरसाचा वाळलेला डाग. तो डाग पुसावा असं मला वाटलं आणि मी घाईघाईने तिखटाच्या डब्याचं झाकण लावलं.

"मला पंधरा दिवस द्या," तो म्हणाला. "एकाही मांजराला न दुखवता तुमचा वाफा वाचवून दाखवतो."

"आणि नाही वाचला तर?"

"तर तुमची गाजरं मी रंधा मारून लाकडाची करून देईन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तारेची जाळी घेऊन आला. ती त्याने वाफ्यावर सपाट अंथरली, वाकवलेल्या तारांनी पक्की केली आणि वर बोटभर माती पसरली. रोपं जाळीतून वर येणार, पण मांजराच्या पंज्याला तार लागली की ते नाद सोडणार. पलीकडे, स्वतःच्या अंगणात, त्याने एक मोठा उथळ खोका ठेवून त्यात वाळू आणि भुसा भरला.

"नुसतं 'इथे येऊ नका' म्हणून भागत नाही," तो मातीचे हात झटकत म्हणाला. "कुठे जायचं तेही सांगावं लागतं बिचाऱ्यांना."

आणि मग संत्री. संत्र्याच्या सालीचा वास मांजरांना खपत नाही. पण साली चार दिवसांत वाळतात, वास उडतो, म्हणजे नव्या साली हव्यात. नव्या सालींसाठी कोणीतरी संत्री खायला हवीत. हे काम आम्ही दोघांनी फार मनावर घेतलं.

रोज दुकानातून येताना मी संत्री आणायची. तो भिंतीवर बसायचा, मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर. तो साल एका सलग पट्टीत सोलायचा, मध्ये कुठे तुटू न देता, आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवायचा. ठेवताना त्याची बोटं माझ्या तळव्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळायची... की मलाच तसं वाटायचं?

"आज किती साली लागतील?" तो विचारायचा.

"दोन संत्र्यांच्या."

"दोनच? वाफा मोठा आहे हो. तीन खाऊ."

बोलता बोलता मांजरांची ओळख झाली. करड्या रंगाची म्हातारी, पांढरा जाडजूड साहेब आणि एका कानाचा चोर. म्हातारी सगळ्यांत आधी आली होती. गोदामाचं कुलूप काढलं तेव्हा ती आतच बसलेली होती आणि "उशीर केलास" अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं होतं म्हणे. तो काम करत असला की ती त्याच्या बाकावर, रंध्यापासून वीतभर अंतरावर झोपायची. तो तिला अरे-तुरे कधी करत नसे. "आजी, सरका जरा," असं म्हणायचा.

एकदा रिमझिम सुरू झाली. मी उठायला लागले तर तो प्लायवुडची एक फळी घेऊन आमच्या बाजूला उतरला आणि ती आम्हा दोघांच्या डोक्यावर धरून उभा राहिला. ओल्या मातीचा, संत्र्याचा आणि लाकडाचा वास एकत्र आला होता.

"हात भरून येतील तुमचे," मी म्हटलं.

"येऊ देत."

मग तो म्हणाला, "माझा मेव्हणा वर्षभर मागे लागलाय. त्याच्या गावी मोठी जागा आहे, भागीदारीत काम करू म्हणतो. मी टाळतोय. इथे एक काम अर्धवट आहे..."

कोणतं काम, हे मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "पाऊस थांबला वाटतं." थांबला नव्हता.

उपाय लागू पडला. पंधरा दिवस गेले, वीस गेले. वाफ्यात एक पंजा उमटला नाही. गाजरांची हिरवी पानं जाळीतून वर आली. तिन्ही मांजरं शहाण्यासारखी वाळूच्या खोक्यात जायला लागली.

"झालं," तो म्हणाला. "पानं वाढली की माती झाकली जाते, मग साली नकोत. म्हणजे आता... माझं इथलं काम संपलं."

माझ्याकडे बघत तो उभा राहिला. आता कळतं, की तो वाट बघत होता. आणि मी, दिवसभर अनोळखी माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बसणारी मी, मान खाली घालून म्हणाले, "हो ना. फार उपकार झाले तुमचे."

उपकार! जीभ झडली असती तर बरं.

आठ दिवस भिंतीवर कोणी आलं नाही. टोपलीतली संत्री सुकायला लागली. आत्या म्हणाली, "अगं, इतकी आठवण येते तर बोलाव ना त्याला." मी म्हटलं, "उगाच कसं बोलावणार? काहीतरी कारण नको का?"

नवव्या दिवशी सकाळी, कामाला जाण्यापूर्वी, मी कारण तयार केलं. वाफ्याच्या कडेची जाळी उचलली, मातीत हात घातला आणि एक खड्डा उकरला. दोन-चार रोपं उपटून बाजूला टाकली. मग भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "अहो, पुन्हा आली होती हो तुमची मांजरं!"

तो धावतच आला. त्याचा पडलेला चेहरा बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. खरं सांगते, आनंदच झाला. संध्याकाळी तो पुन्हा भिंतीवर बसला, आम्ही तीन संत्री खाल्ली.

दोन दिवसांनी मी दुसरा खड्डा केला.

"माझं काम असं फसत नाही कधी," तो जाळी तपासत पुटपुटला. "म्हातारीच असणार. ती एकटीच एवढी हट्टी आहे." मी तोंडातून ब्र काढला नाही. एका मांजरावर आळ आला तर काय मोठंसं, असं मला वाटलं. तिला थोडीच कळतंय?

तिसऱ्या खड्ड्यापाशी तो बराच वेळ बसून राहिला. मातीवरून हलकेच बोट फिरवलं. मी संत्रं पुढे केलं तर म्हणाला, "नको आज." आणि गेला.

त्या आठवड्यात करवत वाजलीच नाही. शनिवारी आत्या बाजारातून आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "तुझा सुतार चालला. मेव्हण्याकडे. टेम्पो उभा आहे दारात."

चपला न घालता मी मागच्या गल्लीत पळाले.

गोदाम जवळजवळ रिकामं झालं होतं. साहेब आणि चोर भोकं पाडलेल्या खोक्यांत बसून ओरडत होते. तो हत्यारं गोणपाटात गुंडाळत होता.

"जाताय?"

"हो."

"मांजरांमुळे?"

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "एक विचारतो. मांजर खड्डा करतं, त्यानंतर काय करतं?"

उत्तर त्यानेच दिलं.

"बुजवतं. प्रत्येक वेळी बुजवतं. तुमच्या वाफ्यातले तिन्ही खड्डे उघडे होते. तिसऱ्यात माणसाची चार बोटं उमटली होती, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला." तो थांबला. "पण दुसऱ्या खड्ड्याच्या वेळी नव्हता पडला. त्या दिवशी मी इथे आलो आणि म्हातारीला मारलं. पट्टीने. तिला वाटलं मी खेळतोय, म्हणून ती पुन्हा जवळ आली. मी पुन्हा मारलं."

मी तिला शोधत बाकाकडे पाहिलं; तिथे ती नव्हती.

"आता माझ्या हातचं खात नाही ती," तो म्हणाला. "मांजरं नकोच होती तर सरळ सांगायचं. मी काहीतरी सोय केली असती त्यांची."

तिथे गप्प बसले असते तर त्याच्या मनात मी फक्त एक मांजरांचा तिटकारा असलेली बाई राहिले असते. पण तेवढं खोटं आता मला सोसेना.

"मांजरांचं काही नव्हतं हो," मी म्हटलं. "तुम्ही येणं बंद केलंत... मला तुम्ही यायला हवे होतात. बोलवायला काही कारण सापडेना."

"कारण लागत होतं?"

तो इतक्या हळू बोलला, की मला रडू फुटलं. रडता रडताच मी सगळं सांगितलं. मला तुम्ही आवडता, पहिल्या दिवसापासून आवडता, पावसात फळी धरलीत त्या दिवशी मी घरात जाऊन नुसती हसत बसले होते... सगळं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "मलाही. तुमच्या तिखटाच्या डब्यासकट."

"मग नका ना जाऊ!"

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"थांबावंसं वाटतंय," तो म्हणाला. "पण उद्या तुम्ही साधं 'डोकं दुखतंय' म्हणालात, तरी मी विचार करत बसेन, खरंच दुखतंय की... तुम्ही काहीही म्हणा, मी आधी माती बघायला जाईन. तसं नाही हो राहता येणार मला. तुम्हालाही नाही राहता येणार."

मी खूप काही बोलले. पुन्हा असं कधी करणार नाही म्हणाले, शपथ घेतली. पण जे जे बोलत होते ते त्याच्या चेहऱ्यापर्यंत जाऊन थांबत होतं, आणि ते मला दिसत होतं.

म्हातारी बाकाखाली, अगदी भिंतीला चिकटून बसली होती. तो गुडघ्यांवर बसला, हात पुढे केला. "आजी, चला. उशीर होतोय." ती आणखी मागे सरकली. त्याने हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. तिने अंग चोरून घेतलं.

मग मी खाली बसले आणि हात पुढे केला.

ती आली. माझी बोटं तिने हुंगली, त्याच बोटांनी मी ते खड्डे केले होते, आणि सरळ माझ्या तळव्यात डोकं घासून घुरघुरू लागली. मी तिला उचललं, छातीशी धरलं, खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

तो बघत होता.

"तुमच्याकडे बरी येते ती," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात थोडा जरी राग असता, तरी मला ते सोसलं असतं.