दाराला पाठ लावून

वीज यायची तेव्हा येईल. तू तो कंदील इकडे सरकव आणि बस जरा. उद्या लवकर निघायचंय, बॅग भरून झालीय, सगळं दिसतंय मला. पण ज्या कामाला तू चाललीस त्यात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, आणि त्यातली एक गोष्ट मी तुझ्या बापाला, माझ्या सख्ख्या भावालाही कधी सांगितली नाही. सांगितली असती तर त्याने तुला जाऊच दिलं नसतं. शिवाय मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं, ते वेगळंच.

काम सांगायला सोपं आहे. विमान इतक्या वेगाने येतं की पायलटला खालचं सगळं सारखंच दिसतं. हा डोंगर तसाच तो डोंगर, हे घर तसंच ते घर. आपली माणसं कुठली आणि समोरची कुठली, हे त्याला वरून कळायला मार्ग नाही. म्हणून पुढच्या रांगेत आपला एक माणूस बसतो आणि वायरलेस सेटवरून पायलटच्या नजरेला बोट धरून नेतो. मोठ्याकडून लहानाकडे. आधी डोंगर, दिसला? मग डोंगरावरची वाट, दिसली? मग वळणावरचं झाड. तो ‘दिसलं’ म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. शेवटी तो टार्गेटचे आकडे, म्हणजे त्या जागेचा नकाशावरचा पत्ता, परत वाचून दाखवणार, आपण ‘बरोबर’ म्हणणार, आणि मग परवानगी देणार. एकदा परवानगी दिली की वरून सुटलेला बॉम्ब परत घेता येत नाही.

हे शिकवायचे वाळूच्या टेबलावर. काड्यापेट्यांची घरं, सुतळीचे रस्ते. एकाने स्टुलावर चढून पुठ्ठ्याच्या नळीतून बघायचं, दुसऱ्याने नुसतं बोलून त्याला नेमक्या एका काड्यापेटीपर्यंत आणायचं. मी सुट्टीवर घरी आले की तुझ्या आजीचा चष्मा असाच शोधून द्यायचे. “मोठं कपाट, दिसलं? वरचा कप्पा, दिसला?” ती करवादायची, “अगं बये, उठून दे की हातात!”

आमच्या शिक्षकांना आम्ही पाठीमागे मास्तर म्हणायचो. माणूस हाडाचा कडक. त्यांची एक शिस्त आम्हाला फार पोरकट वाटायची. टार्गेटचा आकडा तोंडातून काढण्याआधी जोडीदाराने नकाशावर आपल्या चौकीवर बोट टेकवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “हे आपण.” ते झाल्यावरच दुसऱ्याने सेट हातात घ्यायचा. कोणी विसरलं की मास्तर त्याला भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

त्याचं कारण डोंगरावरच्या चौकीत होतं. सरावाच्या मैदानाच्या वर एक सिमेंटची खोली, पुढे बघायला एक लांबट फट, मागे लोखंडी दार. तिची एक भिंत बाकीच्या भिंतींहून नवी होती. आमच्या कितीतरी आधी तिथे एक जण एकटाच काम करत होता, जोडीदार पाणी आणायला उतरला होता. त्याने टार्गेटची जागा आकडे दाखवणाऱ्या यंत्रात घेतली आणि नेमकी बॅटरी संपली. त्याने नवी घातली. ते यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की सगळ्यात आधी आपली स्वतःचीच जागा दाखवायचं. घाईत त्याने समोर आला तो आकडा वाचला. पायलटने परत वाचून दाखवला. तो म्हणाला, “बरोबर.” मास्तर नव्या भिंतीकडे बोट दाखवून एवढंच सांगत आणि पुढच्या धड्याला लागत.

तर त्या दिवशी माझ्याकडे हमालाचं काम होतं. चौकीत माझा जोडीदार सकाळपासून बसलेला, त्याला नवी बॅटरी आणि चहाचा थर्मास पोचवायचा. सेट पाठीवर घेऊन हिंडायचा आणि अखंड बडबडायचा, म्हणून त्याचं नाव बाजा. मी निघाले तेव्हा लख्ख दुपार होती. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं आणि चौकीशी पोचले तेव्हा मला माझे बूट दिसेनात.

“आलीस? मला वाटलं चहा एकटीनेच संपवलास,” बाजा म्हणाला.

त्याने बॅटरी बदलली, यंत्र सुरू करून बघितलं. तेवढ्यात सेटवर खालून मास्तरांचा निरोप आला: धुकं दाट आहे, विमानं उडणार नाहीत, आवरा आणि खाली या. आम्ही खूश. बाजाने बिस्किटाचा पुडा फोडला, मी पिशवी खांद्याला लावली आणि दार ओढलं.

दार उघडलं नाही.

ते आत उघडणारं दार होतं. कडी काढलेली होती, कुलूप बाहेरून नव्हतंच. मी दोन्ही हातांनी ओढलं, मग बाजा लागला. गंजलेलं दार कुरकुरतं, निदान हलतं तरी. हे किंचित हलायचं आणि परत बसायचं. भरलेलं पोतं दाराला टेकवून ठेवलं की कसं होतं, तसं. पण दार आणि आमच्या मध्ये तर काहीच नव्हतं.

“फुगलंय,” बाजा म्हणाला.

“लोखंड फुगतं का रे?”

त्याने सेटवरून खाली कळवायचा प्रयत्न केला. नुसती खरखर. फटीतून डोकंसुद्धा जात नव्हतं, आणि बाहेर पांढऱ्या धुक्याखेरीज काही नव्हतं. ओरडून पाहिलं तर आवाज तिथेच विरून गेला. मग एक वास यायला लागला. कापडावर इस्त्री विसरली की येतो तसा, करपट. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा, आणि खरं सांगते, ती त्या वासाची वाटली.

सेटची खरखर एकदम थांबली. स्वच्छ, सभ्य आवाज आला.

“चौकी, मी येतोय. टार्गेट सांगा.”

मला वाटलं, मास्तरांची परीक्षा. दारही त्यांनीच अडवलं असणार, कोंडून घालून घाबरवायचं आणि मग कसं बोलतो ते बघायचं. मला तर रागच आला. मी सेटकडे हात नेला, तेवढ्यात माझ्या पाठीमागून कोणीतरी शांतपणे आकडे वाचायला सुरुवात केली.

मला वाटलं बाजाच बोलतोय. म्हणून मी वळले. बाजाचं तोंड बिस्किटाने भरलेलं होतं आणि तो माझ्याकडे डोळे फाडून बघत होता.

आवाज दारापाशी होता.

“चौकी, आधी मोठं सांगा,” वरचा, विमानातला, म्हणाला.

“एकटा डोंगर. माथा सपाट,” दारापाशी कोणीतरी म्हणालं.

“डोंगर… दिसला.”

“माथ्याकडे चढणारी वाट. शेवटचं वळण डावीकडे.”

“वाट दिसली. वळण दिसलं.”

बाजाने घास कसाबसा गिळला. “धुक्यात… त्याला दिसतंय कसं?”

मी त्याला गप्प केलं, कारण मला ऐकायचं होतं. वेड लागल्यासारखं वाटेल तुला, पण इतकं सुंदर काम मी आयुष्यात ऐकलेलं नाही. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ‘दिसलं’ ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. वाटेनंतर सिमेंटची खोली, खोलीनंतर पुढची फट. फटीच्या आत टेबल. आणि त्या सुंदर कामाच्या शेवटी आम्ही दोघं उभे होतो.

“टेबल दिसलं,” वरचा म्हणाला. “तीन माणसं दिसतात. दोन टेबलापाशी. एक… दाराला पाठ लावून उभा आहे.”

बाजाने माझं मनगट धरलं. आम्ही दाराकडे बघितलं. तिथे लोखंड होतं, गंज होता, आणि करपट वास.

“आकडे परत वाचतो,” वरचा म्हणाला, आणि वाचू लागला.

बाजाने यंत्र माझ्यापुढे धरलं. नव्या बॅटरीवर ते छान चालत होतं. वरचा एकेक आकडा म्हणत होता आणि तोच आकडा त्या पडद्यावर होता.

“अगं… ही आपली जागा आहे,” बाजा पुटपुटला.

“बरोबर,” दारापासचा आवाज म्हणाला.

लांबून घरघर ऐकू यायला लागली. आधी ती कानाला कळली नाही, टेबलावरच्या चहाला कळली. थर्मासच्या झाकणातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती.

मी सेट हिसकावला. “थांब! थांब! थांब!” हा शब्द कोणीही उच्चारला तरी पायलटने वळायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

“हा आवाज ओळखीचा नाही,” वरचा म्हणाला. “मी चौकीतल्या माझ्या माणसाचंच ऐकेन. चौकी, परवानगी?”

बाजा दारावर धडका मारत होता. दार मऊ लागत होतं, असं त्याने मला पुढे सांगितलं. मऊ आणि गरम. मी मात्र जागची हलले नव्हते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ह्या माणसाला आम्हाला मारायचं नाही. तो आपलं काम मन लावून करतोय. आपण कुठे उभे आहोत हे त्याला माहीतच नाही, तेव्हाही नव्हतं, आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. मला त्याची इतकी दया आली की भीती त्यापुढे थोडी मागे सरली.

मी टेबलावरचा नकाशा उचलला आणि दारापाशी गेले. वासाने डोळ्यांत पाणी आलं. नकाशा समोर धरला, जिथे एखाद्याची नजर असेल तिथे, आणि चौकीवर बोट टेकवलं.

“दादा,” मी म्हणाले, “आकडा देण्याआधी इथे बघा. हे आपण.”

घरघर आता भिंतींत शिरली होती. छतातून सिमेंट गळत होतं.

“हे आपण, दादा. आपण तिघं. हाच आकडा तुम्ही दिलाय.”

काही झालं नाही. मग माझ्या चेहऱ्यावर, अगदी जवळून, कोणीतरी दमलेला श्वास सोडला.

“…आपण?”

“हो.”

“चौकी, परवानगी?” वरचा म्हणाला.

“थांब…” दारापासचा आवाज फाटला. “थांब… थांब…”

ते काय आमच्यावरून गेलं मला सांगता येणार नाही. फटीतून वाऱ्याचा लोट आला, कंदील विझतो तसा सगळा उजेड क्षणभर गेला. मग शांतता. दार आपोआप, हळूच, आत आलं.

वाटेत मास्तर आम्हाला शोधत वर येत होते. ते मघापासून सेटवर आम्हाला हाका मारत होते म्हणे, आणि आमच्याकडून एक अक्षर येत नव्हतं. विमान? आज एकही उडालेलं नाही. बाजाने दाराची हकिगत सांगायला तोंड उघडलं आणि मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं.

“त्या वेळी दाराची कडी मोडलेली होती,” ते खाली बघत म्हणाले. “वाऱ्याने दार उघडायचं. म्हणून तो दाराला पाठ लावूनच बोलायचा. मला पाणी आणायला पाठवलं तेव्हाही… तसाच उभा होता.”

त्यानंतर त्यांनी त्या चौकीचा विषय कधी काढला नाही. मी नकाशाची घडी घालताना पाहिलं, माझं बोट टेकलं होतं त्याच्या शेजारी आणखी एका बोटाचा काळा ठसा होता.

तुला वाटेल गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. पण तो विसरतो गं. मधूनच कधीतरी, मी राहीन त्या घरात एखादं आत उघडणारं दार अडतं. आमच्या ह्यांना वाटायचं लाकूड फुगतं. सुताराकडून दारं तासून घेऊन थकले बिचारे. मी आपली कागदावर घराचा आराखडा काढून ठेवते, नव्या घरात माझं पहिलं काम तेच. दार अडलं की बोट ठेवायचं आणि त्याला सांगायचं. सांगितलं की बिचारा लगेच बाजूला होतो.

पण आज सकाळी तुझ्या खोलीचं दार अडलं होतं. तुझा बाप बिजागरीत तेल घालत बसला आणि मी काही बोलले नाही. ती माझी खोली नाही. तू कुठे चाललीस हे चौकीतल्या त्या दादाला कळलंय. मी म्हातारी झाले, माझ्यानंतर त्याला सांगणारं कोणी हवं, आणि नाही सांगितलं तर वरचा काही त्याच्यासाठी थांबणार नाही. म्हणून तुला बसवून घेतलं. बरं, जा आता, पाणी पी आणि झोप.

काय गं?

ओढू नकोस. सोड ती दाराची मूठ, मी कडी लावलेली नाही. रडायचं काय त्यात, मी आहे ना. ये इकडे. हा कागद, ही आपली खोली. ह्यावर बोट ठेव. त्या काळ्या ठशावर नको, त्याच्या शेजारी. संध्याकाळी मी हा काढला तेव्हा कागद स्वच्छ होता.

नाही, मी म्हणणार नाही. आता त्याला तुझा आवाज ओळखीचा व्हायला हवा. दाराकडे तोंड कर आणि घरच्या माणसाशी बोलतो तसं बोल. दादा म्हण.

आणि वर बघू नकोस. अजून लांब आहे.