कानसेनांचं रीळ

"माझ्या सासऱ्यांनी मला चोर ठरवलंय," ती दारातूनच म्हणाली, आणि मामांच्या कपातला चहा बशीत सांडला.

मामा म्हणजे निवृत्त कवायत-मास्तर. आवाज असा, की हळू बोलले तरी शेजारचा माणूस 'आलो' म्हणून ओ द्यायचा. भाची खासगी तपासनीस, आणि मामा तिचे मदतनीस. निदान मामांची तशी समजूत होती.

"आधी बसा," भाची म्हणाली. "काय चोरलंत?"

बाई हसली नाही. आवाज तिचा नाजूक, बारीक. पण शब्द न् शब्द नीट सुटा.

"रीळ. गळाच्या काठीला लावतात ते, दोरी गुंडाळायचं. बाबांकडे जुन्या रिळांचं भरलेलं कपाट आहे. त्यातलं एक पितळी रीळ त्यांच्या वडिलांचं. वर्षातून एकदाच, मासेमारीचा हंगाम सुरू होतो त्या दिवशी, बाबा दार लावून एकटे बसतात आणि ते फिरवून ऐकतात. म्हणतात, रातकिड्यासारखं गातं. परवा ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, 'हे माझं रीळ नव्हे. कोणीतरी बदललं.' कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे असते."

"असायची," भाचीने दुरुस्ती केली. बाईचा हात नकळत रिकाम्या कमरेकडे गेला होता.

"हो. काढून घेतली. रिळांमधलं मला जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलंय, ताई. पोटच्या मुलीसारखं. आणि आज संध्याकाळी जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन सगळं कपाट घेऊन जाणार आहे. बाबा म्हणतात, ज्या घरात विश्वास नाही तिथे ही रिळं ठेवायची नाहीत."

मामांना वाटलं, मासे धरायच्या चकत्यांवरून एवढं रामायण! पण भाची चपला घालून तयारही झाली होती.

बाईच्या घरी कपाट उघडल्यावर मात्र मामांची बोलती बंद झाली. चकत्या कसल्या? पितळी, लाकडी, काळ्या रबराची. कशाला शिंगाची मूठ, कशाला हस्तिदंती. एकेक वस्तू अशी घडवलेली, की मामांनी आपोआप हात मागे बांधले.

बाईचे सासरे, म्हातारबुवा, ताठ बसले होते. संग्राहकांमध्ये त्यांना कानसेन म्हणत. डोळे मिटून, नुसतं फिरवल्याच्या आवाजावरून ते रीळ कोणत्या कारागिराचं ते सांगत. पैजा लावून लोक हरले होते.

"काका, परवापूर्वी हे रीळ शेवटचं कधी पाहिलंत?" भाचीने विचारलं.

म्हातारबुवांनी मामांकडे पाहिलं. "मास्तर, या कपाटात आयुष्य आहे माझं."

भाचीने प्रश्न पुन्हा विचारला. म्हातारबुवा मामांनाच लाकडी रिळाची कथा सांगू लागले. मामांचं डोकं फिरलं. बाईमाणसाला उत्तर द्यायचं नाही म्हणजे काय! त्यांनी तोच प्रश्न मैदानी आवाजात ठणकावला.

"गेल्या वर्षी," उत्तर लगेच आलं. "गात होतं तेव्हा. ओरडायला नको मास्तर, मी काही बहिरा नाही."

"आणि सुनेवर संशय का?" मामांनीच पुढे विचारलं.

"बदललीय ती. पूर्वी कशी मोकळी बोलायची! हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. मनात काही असल्याशिवाय माणूस पुटपुटतं का?"

सून चहा टाकायला आत गेली.

म्हातारबुवांनी ते पितळी रीळ एका डब्यातून काढलं, नको असलेली वस्तू काढावी तसं, बोटांच्या टोकांनी. "परवापासून याला हात लावायचीही इच्छा नाही. नक्कल झकास आहे. स्क्रूंच्या खाचा बघा, सगळ्या एका रेषेत. जुना कारागीर शेवटचा हात फिरवून त्या तशा जुळवायचा. एकदा उघडलं की दुसऱ्याच्या हातून त्या पुन्हा जुळत नाहीत. पण खाच फसवते, डोळा फसतो. पितळेला म्हातारपण चहाच्या पाण्यानेही आणता येतं. आवाज आणता येत नाही. फिरवा."

मामांनी मूठ फिरवली. किर्रर्र! कपाटावर झोपलेल्या मांजराने कान टवकारले.

"ऐकलंत? लाकडावर टिचकी मारल्यासारखं. मेलेलं."

आता मामांना रिळातलं काय कळत होतं? अडाणी दिसू नये म्हणून त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "अगदी. टिचकीच."

भाचीने मामांकडे एक नजर टाकली. ती नजर मामांना मुळीच आवडली नाही.

"तुमच्या अंगठ्याला काय झालं?" मामांनी घाईघाईने विषय बदलला. म्हातारबुवांचा डावा अंगठा पेरात वाकडा होता.

म्हातारबुवा खुलले. "ऐन विशीत, तलावावर. मासा असा ओढतोय, की मूठ गरागरा फिरली आणि अंगठ्यावर बसली. हाड वाकडंच जुळलं. पण अंगठा रिळाच्या काठावरून काढला नाही हो! दोरी थोपवायची ती अंगठ्यानेच. त्यानंतर चाळीस वर्षं वडिलांच्या त्याच रिळावर, याच वाकड्या अंगठ्याने..."

आत किटली शिट्टी मारू लागली. मामांच्या कानठळ्या बसल्या, भाचीने मागे वळून पाहिलं. म्हातारबुवांचा मासा मात्र तसाच रंगात पोहत राहिला.

तेवढ्यात व्यापारी आला. गुबगुबीत, गोड माणूस. "नक्कलच आहे, मी परवाच सांगितलं," तो हळहळला. "भंगार. पण सगळं नेतोच आहे, तर हेही नेतो. असंच." त्याने टेबलावर आपला रेशमी रुमाल पसरला, दोन्ही हातांनी रीळ उचललं आणि अलगद त्यावर ठेवलं.

सून चहा घेऊन आली. व्यापाऱ्याने आणलेल्या रिकाम्या खोक्यांना वळसा घालून ती पुढे झाली.

भाची उठून म्हातारबुवांच्या खुर्चीमागे गेली.

"काका, हलू नका," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तुमच्या मानेवर पाल आहे."

सुनेच्या हातातला ट्रे वाजला. व्यापारी मागे सरकला. मामा, खोटं कशाला सांगा, खुर्चीवर चढायच्याच बेतात होते. म्हातारबुवा शांतपणे चहा फुंकत होते.

मामांनी मानेकडे पाहिलं. पाल नव्हती.

"मामा, खरं सांग," भाची म्हणाली. "मघाशी काय ऐकलंस?"

मामा ओशाळले. "किर्र झालं गं. रातकिड्यासारखं. पण ते कानसेन, मी कोण बोलणार?"

भाची म्हातारबुवांसमोर स्टूल घेऊन बसली. आता तिने आवाज खाली, जाड केला आणि सावकाश बोलू लागली.

"काका, तुमचं रीळ कोणी बदललं नाही. अंगठा ठेवा."

"नकली वस्तूला मी..."

"एकदाच."

म्हातारबुवांनी कुरकुरत डावा अंगठा रिळाच्या काठावर टेकवला. तो घसरला आणि थांबला. पितळ तिथे झिजून खोलगट झालं होतं. सरळ नाही, तिरकं. वाकडं पेर त्या खळग्यात चपखल बसलं.

म्हातारबुवांनी अंगठा मागेपुढे फिरवून पाहिला.

"खाचा जुळलेल्या आहेत, म्हणजे आतलंही कोणी बदललेलं नाही," भाची म्हणाली. "आवाजही तोच आहे. मांजराने ऐकला, मामांनी ऐकला. तुम्हांला आतली खटखट ऐकू आली, वरची किर्र नाही. काका, तुमच्या कानांतून बारीक आवाज गेलेत. किटलीची शिट्टी गेली. माझा आवाज गेला. मामांना वाटलं, तुम्ही बायकांना मोजत नाही. आणि सूनबाईंचा गेला. त्या पुटपुटत नाहीत. माझ्या दारात त्या बोलल्या तेव्हा एक अक्षरही मी गाळलं नाही."

"पण व्यापारीही म्हणाले, नक्कल!" मामा म्हणाले.

"म्हणणारच. कानसेन स्वतःच नक्कल म्हणतायत म्हटल्यावर रीळ फुकटात पदरात पडतंय. त्यांनी फक्त री ओढली. पण भंगारासाठी रेशमी रुमाल कोण अंथरतं हो?"

व्यापाऱ्याने रुमाल खिशात कोंबला आणि खोकी तशीच टाकून काढता पाय घेतला. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

म्हातारबुवांनी रीळ जवळ ओढून घेतलं. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं मामांना त्या क्षणी वाटलं. ज्या कानांवर माणसाने नाव कमावलं, तेच गेले होते, आणि हा गडी तरीही ताठ बसला होता. मामांना त्यांचा विलक्षण आदर वाटला.

"सूनबाई," ते म्हणाले. "इकडे ये. फिरव."

तिने मूठ धरली. म्हातारबुवांनी अंगठा खळग्यात ठेवला आणि डोळे मिटले. रीळ फिरलं. आतल्या चक्राचा एकेक दाता अंगठ्याखालून टकटकत गेला. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कसं वाजतंय?"

ती त्यांच्या कानाशी वाकली. "गातंय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "रातकिड्यासारखं."

"माझं चुकलं गं पोरी. माझे कान गेले आणि मी चोर तुला ठरवलं." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. "पुढच्या हंगामापासून दार लावायचं नाही. तू ऐकायचंस आणि मला सांगायचंस."

तिने पुन्हा एकदा रिळाची मूठ फिरवली.