पुढे गेलेला बाण

बाबांच्या जुन्या गाडीत पडद्यावर रस्ता दाखवणारा, नेव्हिगेशनचा रेडिओ बसवायचं मी ठरवलं, कारण दादा गाडी विकायला निघाला होता. बाबा ओळखीचे रस्ते विसरायला लागले होते. "पुन्हा एकदा चुकले की गाडी जाणार," दादाने जेवताना जाहीर केलं. बाबांनी फक्त किल्ली उचलून शर्टाच्या खिशात टाकली.

त्याच मॉडेलच्या नव्या गाडीतला, कंपनीने बसवलेला रेडिओ मला भंगारात मिळाला. मागचा, तारा जोडायचा कपलर जुळत नव्हता. दोन्ही गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे समोर ठेवून मी एकेक तार सोल्डर केली, डॅशबोर्डची चौकट कानशीने घासली, अँटेना काचेखाली चिकटवली. शेवटी गिअरबॉक्सकडून येणारी वेगाची तार जोडली. चाकं किती फिरली ते रेडिओला तिच्यावरून कळतं.

"विकताना गाडी जरा बरी दिसेल, एवढंच," दादा म्हणाला.

"झालं का, शास्त्रज्ञबाई?" बाबांनी विचारलं.

"चालवून बघा."

पडद्यावर गाडीच्या जागी एक निळा बाण होता. आम्ही दवाखान्यापाशी होतो तेव्हा तो पुढच्या वळणावर होता. मला त्यात नवल वाटलं नाही. जुन्या गाडीची तार चाकाच्या एका फेऱ्यात जास्त ठोके देत असणार, म्हणून रेडिओला वाटतं आपण जास्त लांब आलोय. घरी येऊन मी ते प्रमाण दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी बाण आणखी पुढे होता.

मी वेगाची तार काढली. मग अँटेनाही काढली. आता त्याला बाहेरून काहीच कळत नव्हतं. बाण चालत राहिला.

आणि तो चुकत नव्हता. एका चौकात मी नाणं उडवलं. "छापा आला तर डावीकडे घ्या," मी बाबांना सांगितलं. नाणं अजून हवेत होतं तेव्हा बाण डावीकडे वळलेला दिसला. तळहात उघडला. छापा.

"काय गं, पांढरी का पडलीस?"

"काही नाही."

कारण बाबा आता हरवत नव्हते. चौकात अडखळले की मी बाणाकडे बघून रस्ता सांगायची. दादाने विक्रीचा विषय सोडला होता. बाबा पुन्हा शीळ घालत गाडी पुसायला लागले होते. बाणाचं मी कोणालाच सांगितलं नाही.

अंतर मात्र वाढत गेलं. आधी एक वळण, मग अख्खी वस्ती. मग आम्ही अर्ध्या वाटेत असताना बाण पोचून थांबलेला असे.

आज सकाळी बाबांनी गाडी बाहेर काढली.

"कुठे जायचं?"

"बघू ना. हवा छान आहे."

आम्ही पहिल्या चौकात होतो, तेव्हा बाण शहराबाहेर, तलावाच्या रस्त्याला लागला होता. तो पाण्याच्या काठाशी थांबला. बराच वेळ थांबला.

तो पाण्यात जातो की काय म्हणून मी पडद्यावर वाकले.

मग तो वळला. सावकाश, प्रत्येक वळणावर घुटमळत, आमच्या बाजूने मागे निघून गेला आणि घरी पोचला. माझा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"घरी पोचलो आपण, बाबा."

"मग झालं तर!" ते हसले.

मी नकाशा मोठा केला. बाण फाटकाच्या आत उभा होता, टोक घराच्या भिंतीकडे करून.

बाबा गाडी कायम रिव्हर्सने आत घेतात. मला त्या अरुंद फाटकातून ते कधीच जमलेलं नाही. मी गाडी सरळ नाकाने आत घालते, आणि ते दर वेळी मला चिडवतात. म्हणजे परतताना गाडी बाबा चालवत नव्हते.

"बाबा," मी म्हणाले, "थांबवा ना जरा. आज मी चालवते."

शहराच्या टोकाचा चौक आला. ते अडखळले नाहीत. मला न विचारता त्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी तलावाकडे वळवली.

"जाताना मी," ते म्हणाले. "येताना तू आहेसच."