शेवटच्याची ओ

मे महिन्यात दुपारी गुलमंडीत गिऱ्हाईक येतंय कशाला? बद्रीनाथ आपल्या कापडदुकानाचं शटर अर्धं ओढून गादीवर टेकला होता. दरसाल हौशी मंडळींना घेऊन हिमालयात जाणारा हा गडी, पण यंदा त्याचं मन उठत नव्हतं. समोर श्रेयानं नकाशा पसरला होता. दोन उंच खिंडी, मधे बर्फाचं मैदान, सामानाला खेचरं, हवा बिघडली तर तंबूत काढायला जास्तीचा दिवस. पोरीनं सगळं नीट बसवलं होतं. बद्रीनाथ नुसता हूं हूं करत होता. थकल्यावर माणसाचे पायच थकतात असं नाही बरं का, त्याला हो-नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

अन् खिंड कोणती? तर तीच. गेल्या साली श्रेयाचा भाऊ प्रणय जिथं राहिला, ती.

बद्रीनाथची चालायची रीत साधी होती. तो सगळ्यांच्या पुढं, प्रणय सगळ्यांच्या मागं. थांबून निघताना बद्रीनाथ हाक द्यायचा, "शेवट?" मागनं प्रणयची ओ यायची, "आलो!" मगच पुढचं पाऊल. त्या दिवशी खिंडीत धुकं दाटलं, हातभरावरचं दिसेना. बद्रीनाथनं हाक दिली, ओ आली. सगळ्यांनी ऐकली. खाली उतरून बघतात तर प्रणय नाही. खूप शोधलं, पायातला मोजासुद्धा मिळाला नाही.

"ओ दिली म्हंजे दादा तवर मागंच होता, काका," श्रेया म्हणाली. "नंतर वाट चुकला. मला ती जागा बघायचीय."

"आईला इचारलंस?"

"आई म्हणती, बद्रीभाऊ संगं असतील तरच जा."

घ्या! केसरबाईनं एक लेकरू ह्याच्या हवाली केलं, ते गेलं. आता उरलेली ही एकटी पोरगी. हिला काही झालं तर त्या बाईला तोंड कसं दाखवायचं? बद्रीनाथला साफ नाही म्हणायचं होतं. पण तोंडातनं निघालं, "आधी सराव तर करू."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी आले. पाठीवरच्या सॅकमध्ये ज्वारी भरलेली. इकडं बर्फ कुठनं आणणार, ओझ्याचीच सवय करायची.

"आज तू पुढं," बद्रीनाथ म्हणाला. "मी मागं राहतो."

माथ्यावर पोचलं की तिला सांगायचं त्यानं ठरवलं होतं. मी येत नाही, अन् तूही जायचं नाहीस. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

अर्ध्यात दम लागला. श्रेया वळणापलीकडं गेली अन् हा एका दगडावर बसला. पट्टे खांद्यात रुतलेले, घशाला कोरड. खालच्या रस्त्यावर रिक्षा फटफटत होत्या, त्या एकाएकी ऐकू येईनाशा झाल्या. मग वास आला. ओल्या लोकरीचा. दिवसभर बर्फ तुडवून आल्यावर तंबूत सुटतो, तो.

"शेवट...?" वळणापलीकडनं श्रेयाची हाक आली.

बद्रीनाथनं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"आलो!"

त्याच्या पाठीमागनं. अगदी खांद्याजवळनं. अन् आवाज... आवाज बद्रीनाथचाच. तोच घोगरा, तोच हेल.

"बरं, काका!" श्रेयाची पावलं पुढं वाजायला लागली.

तेव्हा त्याला उमगलं. प्रणयही असाच बसला असेल, तोंड उघडून. ती ओ त्याची नव्हतीच. बद्रीनाथच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. वळून बघायची छाती होईना, त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. शेजारनं कुणीतरी जड पावलं टाकत गेलं. वर, पोरीच्या मागं.

गळा मोकळा झाला तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. सॅक तिथंच टाकून "श्रेये! थांब!" ओरडत तो धडपडत माथ्यावर गेला. कुणी नव्हतं. तसाच पलीकडच्या वाटेनं खाली आला. पायथ्याच्या कडुलिंबाखाली श्रेया पाणी पीत उभी होती. धडधाकट. त्याचा जीव भांड्यात पडला.

"पोरी, ऐक. मी येत नाय. तू बी जायचं नाय."

ती हसली. "चेष्टा करता व्हय, काका? उतरताना तुमीच तर आईला फोन लावायला सांगितला."

"मी?... कधी?"

"मागंच होता की माझ्या. मी वळायला लागले तर म्हणालात, मागं बघू नको, पाय घसरंल. मग फोन तसाच मागं दिला मी. आईला म्हणालात, तुमच्या दोनी लेकरांना संगंच ठेवीन. लई रडली ती. पण हो म्हणाली."

त्यानं तिला आवरायला हात पुढं केला, तो तिच्या पाठीवरच्या सॅकवर पडला. मे महिन्याच्या त्या उन्हात सॅकची मागची बाजू ओलीचिंब होती. अन् इतकी गार, की त्याची बोटं बधिर झाली.